विजयनचे गोल नक्की किती? फुटबॉल फेडरेशनला एक खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन, फुटबॉल हाऊस, द्वारका, नवी दिल्ली.

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, हे पत्र कोच बदला, लीगचं काय ते एकदा ठरवा, रँकिंग का घसरलं असल्या विषयावर नाहीये. त्यावर लोक तुम्हाला रोज ऐकवतातच, त्यात माझी भर कशाला. माझं काम एकदम छोटं आहे. एकच प्रश्न विचारायचाय. आपला जुना फॉरवर्ड आय. एम. विजयन याने भारतासाठी किती गोल मारले?

झालं असं की आमचा रविवारी सकाळी टर्फवर खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे, वय वर्षं बावीस ते अठ्ठेचाळीस (अठ्ठेचाळीसवाला मी, आणि मी हल्ली गोलपोस्टच्या आसपासच उभा असतो), परवा पाऊस थांबेपर्यंत टाईमपास म्हणून क्विझ चालू होतं आणि मी हा प्रश्न टाकला. एक म्हणाला २९, दुसरा म्हणाला ४०. दोघांनी फोन काढून दाखवले आणि दोघांच्याही फोनवर अगदी ठसठशीत लिहिलेलं होतं. मॅचचं पण तेच, कुठे ७२ तर कुठे ७९. प्रश्न विचारणारा मी, आणि बरोबर कोण ते मलाच सांगता येईना. शेवटी दोघांना अर्धा अर्धा मार्क दिला, शिव्या खाल्ल्या आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

अकरा गोलांचा फरक आहे हो. देशासाठी अकरा गोल मारून रिटायर झालेला फॉरवर्ड असेल तर आपण त्याला बऱ्यापैकी चांगला म्हणतो. म्हणजे एक अख्खा बऱ्यापैकी चांगला फॉरवर्ड या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत पडलाय आणि कुणाला पत्ता नाही.

बावीसवाल्या पोरांना विजयन नावापलीकडे माहीत नव्हता, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो, तुम्हाला माहीतच असणार पण पत्र खुलं आहे तर इतरही वाचतील. जन्म १९६९, गाव त्रिशूर. घरची परिस्थिती अशी की हा मुलगा त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये मॅच चालू असताना सोड्याच्या बाटल्या विकायचा, एका बाटलीमागे दहा पैसे. म्हणजे ज्या मैदानावर पुढे लोक याला बघायला यायचे तिथे आधी हा लोकांच्या पायांमधून वाट काढत फिरायचा आणि मॅच अर्धी अर्धी बघायचा. तेव्हाचे केरळचे पोलीस महासंचालक एम. के. जोसेफ यांच्या नजरेत तो आला आणि सतरा-अठराव्या वर्षी केरळ पोलिसांच्या टीममध्ये शिरला. ती टीम साधी नव्हती, व्ही. पी. सत्यन, शराफ अली, पापच्चन, कुरिकेश मॅथ्यू अशी एकेक नावं, आणि १९९० मध्ये त्यांनी देशातल्या क्लबांचा फेडरेशन कप जिंकला, तोही त्रिशूरलाच. केरळच्या कुठल्याच टीमला त्याआधी तो जमला नव्हता. सोडा विकायचा त्याच गावात कप उचलला. असं कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की जास्तच होतंय राव.

मग कोलकाता. मोहन बागानमध्ये गेला, परत पोलिसांकडे आला, परत बागान, मग पंजाबात फगवाड्याची जेसीटी, मग एफसी कोचीन, परत बागान, परत कोचीन, ईस्ट बंगाल, परत जेसीटी, चर्चिल ब्रदर्स आणि शेवटी २००५-०६ ला पुन्हा ईस्ट बंगाल. कोलकात्यात त्याला कालो होरिन म्हणायचे, काळवीट. नाव ठेवावं तर बंगाल्यांनी. १९९३, १९९७, १९९९ असं तीनदा तुम्हीच त्याला प्लेअर ऑफ द इयर केलंत, एकाहून जास्त वेळा ते मिळवणारा तो पहिला. २००३ ला अर्जुन पुरस्कार, २०२५ ला पद्मश्री.

मी त्याला एकदाच समोरून पाहिलंय. कुपरेजला. नव्वदीतली गोष्ट, जेसीटी मुंबईला आली होती, मी कॉलेज बुडवून चर्चगेटपासून चालत गेलो आणि लाकडी फळ्यांवर अशा जागी बसलो जिथून डावीकडचा गोल जवळ दिसतो. मॅचमधलं बाकी काही आता डोक्यात नाही, पण एक क्षण आहे. उजवीकडून उंच क्रॉस आला आणि विजयन गोलकडे पाठ करून उभा, मागे उंचापुरा डिफेंडर अगदी चिकटलेला. त्याने बॉल छातीवर घेतला आणि, हे महत्त्वाचं, काहीच केलं नाही. बॉल खाली पडू दिला. डिफेंडरला वाटलं आता हा डावीकडे वळणार आणि तो अर्धं पाऊल तिकडे सरकला, त्या अर्ध्या पावलात विजयन उजव्या खांद्यावरून फिरला आणि बॉलचा एक टप्पा पडून वर येतो न येतो तोच त्याने मारला. क्रॉसबारला लागला. आवाज असा झाला की माझ्या शेजारी शेंगदाणे सोलत बसलेले काका उभे राहिले आणि सगळी टरफलं माझ्या मांडीवर. गोल झालाच नाही. बॉल बारवरून बाहेर गेला, गोलकिक, आणि विजयन डोक्याला हात लावून हसत हसत मागे पळत गेला.

आता गंमत बघा, हे सगळं मला शेंगदाण्याच्या टरफलांसकट आठवतंय पण साल विचारलंत तर मी दोन सालं सांगतो आणि दोन्ही वेळा छातीठोकपणे सांगतो. म्हणून आठवणीवर माझा विश्वास नाही. माझ्यासारख्या प्रेक्षकाने आठवणी ठेवाव्यात, ते आमचं कामच आहे, पण हिशोब कुणीतरी कागदावर ठेवायला हवा ना.

आकडे वेगवेगळे का येतात ते मला कळतं, अगदीच येडा नाहीये मी. फिफाच्या हिशोबात दोन्ही बाजूंना देशाची मुख्य टीम असली तरच ती मॅच धरतात. आपल्याकडे पूर्वी नॅशनल टीम कुणाशीही खेळायची, परदेशी क्लब येऊन खेळायचे, ऑलिंपिक क्वालिफायर असायचे, आणि ऑलिंपिकचं फुटबॉल १९९२ पासून २३ वर्षांखालच्यांचं झालं. नेहरू कप या आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोणता देश कोणती टीम पाठवेल याचा नेम नसायचा, २०१२ ला आपण फायनलमध्ये कॅमेरूनला पेनल्टीवर हरवलं तेव्हा ती कॅमेरूनची बी टीम होती. अशा मॅचचे गोल कुणी धरतं, कुणी सोडतं. धरा किंवा सोडा, पण कुठली धरली आणि कुठली सोडली ते एका जागी लिहा की. २००३ च्या हैदराबादच्या आफ्रो-एशियन गेम्सचंच घ्या, विजयन ३४ वर्षांचा, चार गोल मारून टॉप स्कोअरर, आपण रवांडाला ३-१ आणि झिम्बाब्वेला ५-३ हरवून फायनलला गेलो, उझबेकिस्तानकडून १-० हरलो आणि विजयनने इंटरनॅशनल फुटबॉल सोडलं. ते चार गोल त्याच्या खात्यात आहेत का नाहीत? माणूस ज्या स्पर्धेत निरोप घेतो तिचे गोल खात्यात आहेत की नाही एवढं तरी त्याच्या देशाला माहीत पाहिजे.

आणि हे एकट्या विजयनचं नाहीये. बायचुंग भुतियाचं बघा. २००९ च्या नेहरू कपात त्याची शंभरावी मॅच म्हणून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शंभर मॅच खेळणारा पहिला भारतीय. आज इंटरनेटवर त्याच्या नावापुढे बऱ्याच ठिकाणी ८२ मॅच आणि २७ गोल दिसतात, आणि दुसरीकडे १०४ आणि ४० पण दिसतात. ८२ खरं असेल तर ते शतक झालंच नाही. २०१८ च्या जूनमध्ये सुनील छेत्रीने तो व्हिडिओ टाकला होता, आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या, कारण आधीच्या मॅचला जेमतेम अडीच हजार लोक होते. तो बघून आम्ही आठ जण लोकलने अंधेरीला गेलो, केनियाची मॅच, धो धो पाऊस, रेनकोटच्या आत घामाने भिजलो आणि बाहेर पावसाने, छेत्रीने दोन गोल मारले, ३-० जिंकलो. छेत्रीची ती शंभरावी मॅच होती आणि सगळीकडे सांगत होते की भुतियानंतर शंभरी गाठणारा हा दुसरा. दुसरा का पहिला? मी तिथे भिजलोय म्हणून मला जाणून घ्यायचा हक्क आहे असं मला वाटतं.

छेत्रीचा हिशोब मात्र लख्ख आहे, २००५ ला क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध पहिला गोल, २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला तेव्हा १५१ मॅच ९४ गोल, आणि २०२५ ला परत येऊन शिलाँगला मालदीवविरुद्ध पंच्याण्णववा. एकेक गोल कुठे, कुणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला ते पोरं झोपेत सांगतात. कारण त्याच्या काळात सगळं टीव्हीवर होतं, फोनवर होतं. विजयनचा काळ बिचारा नेमका अडकला, रेडिओचा जमाना संपत आलेला आणि इंटरनेट अजून घरात शिरलेलं नाही. त्याच्या आधीच्यांचं पण जे मोठ्या स्पर्धेत झालं ते टिकलं. आमच्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारली, ४-२ जिंकलो, ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई. त्यात काडीचा वाद नाही, कारण ऑलिंपिकवाल्यांनी लिहून ठेवलं.

आता दोन उदाहरणं देतो, एक आपल्या घरातलं आणि एक बाहेरचं. घरातलं म्हणजे १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड रणजी मॅच झाली, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद आणि समोरची टीम मैदान सोडून गेली. मराठी घरात क्रिकेटची थोडीशी आवड असली तरी हा आकडा पाठ असतो. ४४३. कुणी ४३० म्हणत नाही, कुणी ४५० म्हणत नाही. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, पण कुणीतरी सावलीत टेबल टाकून पेन्सिलने एकेक रन लिहीत बसलेला होता म्हणून ते टिकलं. त्यानंतर पन्नास वर्षांनी आपल्या देशाचा फॉरवर्ड गोल मारतो आणि तो गोल २९ मधला का ४० मधला हे ठरत नाही!

बाहेरचं उदाहरण भुतियाचंच. १९९९ ला तो इंग्लंडमध्ये बरी नावाच्या क्लबकडे गेला, खालच्या डिव्हिजनचा साधा क्लब. तिथे तो दुखापतींनी हैराण झाला, फारसं जमलं नाही, ३७ लीग मॅच आणि ३ गोल. बरी क्लबची पुढे अशी वाट लागली की २०१९ ला त्यांना इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकलं. क्लब रस्त्यावर आला तरी ते ३७ आणि ३ जागच्या जागी आहेत. आणि ज्या देशाचा तो कॅप्टन होता तिथल्या त्याच्या गोलांची संख्या विचारली की दोन उत्तरं येतात. मला इंग्लंडचं उगाच कौतुक नाही, पण हे वाचून जरा लाज वाटली खरी.

आता सगळ्यात मजेशीर प्रकरण. बारा सेकंदांचा गोल. १९९९ ला काठमांडूच्या सॅफ (दक्षिण आशियाई) गेम्समध्ये विजयनने भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल मारला, जगातल्या सगळ्यात फास्ट इंटरनॅशनल गोलांमध्ये त्याचं नाव घेतात. मी हे शंभर वेळा वाचलंय आणि शंभर जणांना सांगितलंय. पण मॅचच्या कागदावर सेकंद लिहायची पद्धतच नसते, पहिल्या मिनिटात गोल झाला तर पहिलं मिनिट एवढंच लिहितात. मग बारा कुणी मोजले? कुणाच्या घड्याळात? टीव्हीच्या टेपवरून मोजले असतील तर ती टेप कुठेय? मी यूट्यूबवर शोधून शोधून डोळे फोडून घेतले. सॅन मारिनो बघा, अख्ख्या देशाची वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, त्यांच्या दाविदे ग्वाल्तिएरीने १९९३ ला इंग्लंडविरुद्ध ८.३ सेकंदांत गोल मारला. दशांश चिन्हासकट! व्हिडिओ आहे, आजही बघता येतो, गोलकीपरचं तोंड पण दिसतं. २००२ वर्ल्डकपला हाकान शुकुरचा कोरियाविरुद्धचा अकरा सेकंदांचा, तोही आहे. आपला बारावाला कुठेय? गोल झाला याबद्दल मला शंका नाही, पण तो दिसला पाहिजे ना. किकऑफ कुणी घेतला, पास कुणी दिला, भूतानचे डिफेंडर कुठे बघत होते, हे सगळं मला बघायचंय. बारा सेकंदच तर आहेत.

हे काम आत्ताच का, असं तुम्ही म्हणाल. कारण कागद जिथे असायला हवे होते ती घरंच बंद झालीत. विजयन आणि भुतिया जिच्यात एकत्र खेळले आणि जिने १९९६-९७ ला पहिली नॅशनल लीग जिंकली ती जेसीटी २०११ ला बंद. एफसी कोचीन १९९७ ला सुरू झाला, त्याच वर्षी मोहन बागानला ३-१ हरवून ड्युरँड कप घेतला, केरळला पहिल्यांदाच ड्युरँड, विजयन त्या टीममध्ये, आणि थोड्याच वर्षांत तोही गायब. आमची महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. क्लब बंद होतो तेव्हा ऑफिसातल्या कपाटाचं काय होतं हो? टीमशीट, रजिस्टर, फोटोंचे खोके, मॅचच्या व्हीएचएस टेपा? कुणी घरी नेतं का थेट भंगारात? कपाट तरी कुणीतरी घेत असेल, आतलं कोण घेणार.

आणि माणसंही चाललीत. २०२० या एका वर्षात मार्चमध्ये पी. के. बॅनर्जी गेले, एप्रिलमध्ये चुनी गोस्वामी गेले, ऑक्टोबरमध्ये कार्लटन चॅपमन गेला आणि तो तर पन्नाशीचाही नव्हता. चॅपमन आठवतोय ना, १९९३ ला ईस्ट बंगालकडून इराकच्या अल झवराविरुद्ध हॅट्ट्रिक, ६-२. जेसीटीच्या त्या टीममध्येही तो होता. विजयनचे किती गोल याच्या पासवरून झाले ते चॅपमनला विचारता आलं असतं. सत्यन तर २००६ लाच गेला.

पण विजयन आहे! ठणठणीत आहे, हसतोय, बोलतोय, आणि मजा म्हणजे तुमच्याच घरात आहे. २०२२ ला तुम्हीच त्याला टेक्निकल कमिटीचा अध्यक्ष केलंत. म्हणजे ज्या माणसाच्या गोलांचा हिशोब लागत नाही तो तुमच्याच मीटिंगला येऊन बसतो, चहा पितो. एका मीटिंगनंतर दोन तास थांबवून घ्या, समोर मॅचची यादी ठेवा आणि एकेक मॅच विचारा. त्याला सगळं आठवणार नाही, मघाशी म्हटलं तसं आठवण लबाड असते, पण कुठे शोधायचं ते तरी कळेल. आणि अध्यक्ष चौबेसाहेब स्वतः गोलकीपर होते. स्ट्रायकर मारलेले गोल विसरेल, गोलकीपर खाल्लेले गोल विसरत नाही, तेव्हा अशी माणसं पण गाठा.

मला राहून राहून एका गोष्टीची गंमत वाटते. विजयन २०२५ च्या एप्रिलमध्ये केरळ पोलिसांतून रिटायर झाला, मलबार स्पेशल पोलीसमधून, डेप्युटी कमांडंट म्हणून. सरकारी नोकरी म्हणजे सर्व्हिस बुक आलं. माझे वडील सरकारी खात्यात होते, त्यांचं सर्व्हिस बुक मी पाहिलंय, कुठल्या सालच्या कुठल्या तारखेला अर्जित रजा घेतली, इन्क्रिमेंट कधी लागलं, बदली कधी झाली, सगळं शाईने लिहून खाली साहेबाची सही. म्हणजे विजयन किती दिवस रजेवर होता हे शासनाच्या दप्तरात पक्कं सापडेल. पेन्शन त्यावर अवलंबून असते ना, म्हणून जपतात. गोलांवर कुणाची पेन्शन अवलंबून नव्हती.

मग काय करायचं? मोठं बजेट लागत नाही. तीन-चार चिकट माणसं पाहिजेत, एक बंगाली वाचणारा, एक मल्याळम वाचणारा आणि एक तरी असा जो स्कोअरलाईन जुळली नाही की रात्री झोपत नाही. असे लोक आपल्याकडे आहेत, पगार न घेता हेच काम करतायत, आरएसएसएसएफसारख्या फुटबॉलचे जुने निकाल जमवणाऱ्या वेबसाइटवर जे काही सापडतं ते जगभरातल्या अशाच हौशी लोकांनी जुने पेपर चाळून जमवलेलं आहे. त्यांना एक पत्र द्या फेडरेशनचं, शिक्क्यासकट. त्या शिक्क्याने लायब्ररीचे दरवाजे उघडतात. कोलकात्याला नॅशनल लायब्ररीत जुन्या पेपरांचे गठ्ठे आहेत. दूरदर्शनशी तुम्ही बोला, तिथे आम्हाला कोण उभं करणार. काठमांडू, ढाका, कोलंबो इथल्या फेडरेशनना पत्र टाका, त्यांच्याकडे तरी मॅचचा कागद असेल, आपण त्यांच्याशीच तर खेळायचो. १९९७ ची काठमांडूची सॅफ फुटबॉल स्पर्धा, विजयन सहा गोल मारून टॉप स्कोअरर, फायनलला मालदीवला ५-१, त्याचे पेपर नेपाळमध्ये नसतील का?

मग दोन रकाने करा. एकात फिफा मानते त्या मॅच, दुसऱ्यात भारताची जर्सी घालून खेळलेल्या बाकीच्या सगळ्या. प्रत्येक गोलापुढे तारीख, गाव, समोरची टीम, मिनिट. जिथे कागद नाही तिथे सरळ लिहा की कागद मिळाला नाही. विजयनचा आकडा त्यात कमी झाला तर होऊ दे. चाळीसचे एकोणतीस झाले म्हणून कुपरेजचा तो क्रॉसबार मी विसरणार नाहीये. आणि विजयनपासून सुरुवात केलीत तर भुतियाचं, चॅपमनचं, जो पॉल अँचेरीचं सगळ्यांचं त्याच मॅचमधून निघत जाईल, एकाच पातेल्यातली भाजी आहे ती. एकाला मोजलं की अकरा जण मोजले जातात.

१९९७ चीच गंमत, त्या जुलैला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅच झाली, भुतियाची हॅट्ट्रिक, ४-१. त्या दिवशी स्टेडियममध्ये एक लाख एकतीस हजार लोक होते हे सगळ्यांना पाठ आहे. प्रेक्षक मोजले आपण. खेळाडूंचेच गोल मोजायचे राहिले.

शेवटी माझं स्वतःचं सांगतो. १९९३ पासून मी एक वही करायचो, दोनशे पानी, पेपरात इंडियाच्या मॅचची जी दोन बोटं बातमी यायची ती कापून चिकटवायची आणि खाली माझ्या अक्षरात गोल करणाऱ्यांची नावं. इंग्रजी पेपर शेजाऱ्यांकडचा, त्यामुळे त्यांनी वाचून दिला तरच कात्रण. ती वही असती तर तुम्हाला हे पत्र लिहिलंच नसतं, थेट आकडा लिहिला असता. पण घराला रंग काढला त्या वर्षी आईने रद्दीवाल्याला बोलावलं आणि माझ्या बी. कॉम.च्या नोट्सबरोबर ती पण वजनावर गेली. तिला दोष नाही देत, कव्हरवर मी अकाउंट्स असं लिहिलं होतं, घरचे ओरडू नयेत म्हणून.

त्यातलं एक पान मात्र वाचलंय, दुसऱ्याच पुस्तकात सापडलं. काठमांडूची १९९७ ची फायनल आहे, ५-१ दिसतंय, विजयनचं नाव दिसतंय, पण कुठल्या मिनिटाला आणि किती ते ज्या ओळीत होतं तिथेच घडी पडून कागद फाटलाय. डिंकाने पिवळं पडलंय पण उरलेलं वाचता येतं. काम सुरू केलंत तर ते मी द्यायला तयार आहे, स्कॅन करून मेल करू का मूळ कागदच कुरिअर करू तेवढं कळवा.

आपला,
टर्फवरचा अठ्ठेचाळीस वर्षांचा गोलकीपर, मुंबई

ता. क. क्विझचा अर्धा मार्क अजून तसाच ठेवलाय. उत्तर आलं की फायनल करतो.